अर्धवट सोडलेला तास

गेल्या वर्षी मी गणपतीशी बोलणं सोडलं होतं. घरातली पूजा चालू होती, कारण घरात आई आहे आणि तिला शंका आली असती. पण हात जोडले की मनात एकच यायचं, मी काय मागितलं होतं आणि तू काय दिलंस. माझ्या धाकट्या भावासाठी, बाळूसाठी, मी अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीपर्यंत पायी गेले होते, आणि तेही तीनदा. तिसऱ्या खेपेला पायाला फोड आले तेव्हा गाभाऱ्यासमोर उभी राहून देवाला चक्क दमच भरला होता, की आता तरी ऐक. त्यानंतर दोन महिन्यांनी बाळू गेला.

बाळू लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. एकदा कंबरेत उसण भरली, डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. या गोळ्या अफूच्याच जातीच्या, फक्त शेतात न पिकता प्रयोगशाळेत जन्मलेल्या. दुखणं थांबवतात हे खरं, पण हळूहळू शरीर त्यांच्यावाचून राहायला तयार होत नाही, आणि एखाद्या दिवशी जास्त झाल्या की माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. विज्ञान शिकवणाऱ्या मला हे पुस्तकातून पाठ होतं. तरी त्या दुपारी तो पलंगावर पडला होता, त्याचं घोरणं काही वेगळंच येत होतं, आणि आईनं विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "झोपू दे, थकलाय." चार वाजता चहा घेऊन गेले तर अंग गार पडलेलं. लोकांना आम्ही हार्ट अटॅक सांगितला. नातेवाइकांना फोन मीच केले, आणि प्रत्येक फोनवर तोच शब्द इतका सराईतपणे उच्चारला की शेवटी शेवटी मलाही तो खरा वाटू लागला.

माझी शाळा जुन्या जालन्यात आहे. मुलांना नशेच्या गोळ्यांबद्दल सांगायचं असं ठरलं आणि मुख्याध्यापिका बाईंनी माझं नाव घातलं, कारण मी विज्ञानाची. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा, आखूड तास, नववीचा वर्ग. आमच्याकडची रीत अशी की बाई फळ्यावर लिहितात, मुलं जसंच्या तसं उतरवून घेतात, मग वह्या टेबलाशी येतात आणि बाई लाल पेननं बरोबरची खूण करून खाली सही ठोकतात. मी फळ्यावर गोळीचं नाव लिहिलं. नाव लिहायची काही गरज नव्हती, पण शास्त्रशुद्ध शिकवायची मला हौस. त्याखाली लिहिलं, "तीव्र वेदना असल्यास डॉक्टर ही गोळी देतात." त्याखाली मथळा घातला, "धोके", आणि तिथे माझा हात थांबला. पुढचं वाक्य श्वासाबद्दल होतं. ते लिहिलं असतं तर मुलांसमोर रडू फुटलं असतं, आणि मग कारण सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "झालं तेवढं दाखवा." एकेक वही हातात घेऊन मी सावकाश सही करत बसले, कुणाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, कुणाचा समास आखून दिला. इतक्या निगुतीनं मी कधी वह्या तपासत नाही. घंटा झाली. "उरलेलं सोमवारी," म्हणाले आणि बाहेर पडले. व्हरांड्यात किती तरी महिन्यांनी गणपतीची आठवण झाली आणि तोंडातून निघून गेलं, सोडवलंस रे बाबा.

रात्रभर त्या वाक्याची लाज वाटत राहिली. ज्यानं भावाला वाचवलं नाही त्याचे आभार मी एका घंटेसाठी मानले होते! रविवारी जेवण उरकून ठरवलं की राजूरला जायचं, समोर उभं राहून एकदाचं भांडायचं आणि यापुढे तुझा-माझा संबंध नाही असं सांगून यायचं. जीपमध्ये जाऊन बसले. आम्ही चौघंच होतो आणि भरल्याशिवाय जीप हलत नाही. मी तीनदा विचारलं, ड्रायव्हर तीनदा म्हणाला, "येऊन राह्यल्या ना सवाऱ्या, मॅडम. पाच मिनिटं." एक तास गेला. माझा मुळात तापट स्वभाव, त्यात ऊन. देवालाही मला भेटायचं नाही, असं पुटपुटत उतरले. घरातून बाहेर पडलेच आहे तर निदान फॉल लावायला दिलेली साडी आणू, म्हणून रेहानाच्या गल्लीत वळले. रेहाना घरी शिवणकाम करते आणि तिची नाझिया माझ्याच नववीच्या वर्गात आहे.

नाझिया दारातच होती. "अम्मी सोयी है, टीचर. कंधा बहुत दुख रहा था, गोली खाके लेटी."

"असू दे, उद्या येते," म्हणत मी पाठ फिरवलीसुद्धा होती. तेवढ्यात आतून घोरणं ऐकू आलं. ओढून घेतलेला एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. जगात तो आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता.

चपलांसकट आत धावले. रेहाना मशीनच्या शेजारी चटईवर पडली होती, ओठ काळेनिळे झालेले. मशीनवर गोळ्यांचं पाकीट होतं आणि त्याला टेकून नाझियाची विज्ञानाची वही उघडी होती. नाझिया घाबरून सांगू लागली, "टीचर, आपनेच लिखाया था ना, तीव्र वेदना. मैंने अम्मी को पढ़के सुनाया. मेडिकलवाले को कापी दिखायी, तो उनो सही देखके दे दिये. एक से आराम नहीं पड़ा तो अम्मी और दो खायी." मी वहीकडे पाहिलं. गोळीचं नाव, तीव्र वेदना, धोके. त्याखालचं अर्धं पान कोरं, आणि त्या कोऱ्या पानावर माझी लाल, वळणदार सही.

त्या गल्लीत रुग्णवाहिका शिरणं शक्य नव्हतं. नाझियानं आणि मी रेहानाला उचलून कोपऱ्यावर आणलं. तिथे ऑटो मिळाली, तिच्यात मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी बसली होती. ती उतरेल असं वाटलं, पण तिनं गाठोडं पायाशी ढकललं, रेहानाला कुशीवर वळवून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि हनुवटी वर धरली. माझं तोंडानं नुसतं गणपती, गणपती चाललं होतं. म्हातारी माझ्यावर खेकसली, "देवाला मंग बोलव, बाई! आदी हिला बोलव. हिचं नाव घे, जाऊ देऊ नको हिला!"

मग आम्ही तिघी रेहानाला हाका मारत राहिलो. ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. हाक मारली, तळपायावर चापट मारली की रेहाना एक श्वास घ्यायची आणि पुन्हा थांबायची. पुढचा येतो की नाही, या प्रत्येक विरामात माझा बाळू मरत होता. "रेहाना, श्वास घे गं," मी ओरडत होते, आणि दोन-चारदा रेहानाऐवजी बाळूच म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांना मी गोळीचं नाव सांगितलं, किती घेतल्या ते सांगितलं, आणि ती कुणाच्या सहीवर मिळाली तेही सांगितलं. त्यांनी गोळीचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन दिलं, नळी लावली. थोड्याच वेळात रेहानाची छाती नीट वरखाली होऊ लागली. मी मागे वळले तर म्हातारी निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती याचे तर्क मी करत नाही, ती मेथी विकणारी होती आणि तिला बाजार गाठायचा होता.

संध्याकाळी रेहानानं मला ओळखलं. मी शिव्याशापांची तयारी करून खाटेशी उभी होते. ती खोल गेलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "आपकी सही थी ना, टीचर, तो मैं बेफिकर होके खायी." तिनं मला चार थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले आणि ढसाढसा रडले. ज्या घंटेला मी देवाची कृपा समजले तो माझा भित्रेपणा होता. आणि ज्या जीपवर चिडले, तिच्याबद्दल काय म्हणू? रविवारी दुपारी जीपा भरतच नाहीत, हे कुणीही सांगेल. आणि रेहानासाठी देवानं जीप अडवली म्हणावं, तर मग बाळूसाठी काहीच का अडवलं नाही? हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही, आजही सुटलेला नाही.

सोमवारी आधी मुख्याध्यापिका बाईंना सगळं लेखी दिलं आणि मग वर्गावर गेले. खडू हातात घेतलाच नाही. म्हटलं, "माझा भाऊ हार्ट अटॅकनं गेला नाही. या गोळ्यांनी गेला, आणि मी त्याला झोपू दिलं." रडू फुटलं, तरी बोलत राहिले. अशा माणसाला झोपू द्यायचं नाही, कुशीवर वळवायचं, हाका मारत राहायचं, एकशे आठला फोन करायचा, कुणी काय म्हणेल याची वाट पाहायची नाही. हे दुपारपर्यंत गल्लीत पोचलं आणि संध्याकाळी आईपर्यंत. मेलेल्या पोराची अब्रू वेशीवर टांगलीस, म्हणाली. त्यानंतर कित्येक महिने झाले, ती ताट वाढते आणि आत निघून जाते. मी तिला दोष देत नाही, ते खोटं आम्ही दोघींनी मिळून जपलं होतं.

पण त्या सोमवारी माझं बोलणं संपलं तेव्हा मधल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती वर्गात कधी बोलत नाही. उभी राहून खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, माझे पप्पा रोज घेतात. मिलमधून आले की घेतात अन् झोपतात. आई म्हणते, आवाज करू नका." ती बसायच्या आत मागे आणखी एक हात वर झाला, मग खिडकीकडचा एक. मी त्या हातांकडे पाहत राहिले. मग त्या पहिल्या मुलीला म्हटलं, शाळा सुटली की मी तुझ्या घरी येते.

शाळा सुटल्यावर त्या मुलीबरोबर तिच्या घरी निघाले. तिचे वडील दारातूनच हाकलून देतील, याची जवळजवळ खात्री होती. आजवर देवाकडे गेले ती अटी घेऊन, अमुक केलं तर तमुक दे. त्या वाटेवर एकही अट सुचेना. मुलगी चार पावलं पुढे चालली होती आणि वळून वळून मी येतेय ना ते बघत होती. मी मनात म्हटलं, तू पुढे हो देवा, मी आलेच.