सावळाराम आणि रोमन बाटली

मेलेल्या माणसाला भेटायला दर शुक्रवारी बस पकडून जाणारा माझा मित्र आज सकाळी गेला.

सावळाराम. पाईप फिटर. गाव कुडाळजवळ.

८४-८५ ची गोष्ट. बहारीन. सित्र्याच्या लेबर कॅम्पमध्ये आम्ही एकाच खोलीत. शुक्रवारी सुट्टी. सगळे मनामाच्या बाजारात, आम्ही दोघं म्युझियममध्ये.

तिथे थडग्यातला एक सांगाडा जसाच्या तसा मांडलेला. शेजारी त्याच थडग्यात सापडलेली बोटभर काचेची बाटली. रोमन.

(कमेंटमध्ये कोणी लिहायच्या आत सांगतो. बहारीन रोमन शहर नव्हतं. बाटली रोमनांच्या कुठल्यातरी शहरात फुंकून केलेली, व्यापारात इथे आली. काही जण तिला अश्रूंची बाटली म्हणतात, तेही चूक. सुगंधी तेलाची. मी दहावी नापास, पण वाचून, ताडून बोलतोय.)

परत आला की सावळाराम आधी आंघोळीला. डोक्यावरून.

"मेलेलो माणूस बघलंव, न्हाऊक नको?"

खोलीतले दार बडवायचे. "सावळ्या, टँकरचं पाणी खलास! त्याचं सुतक रोमचा राजा होता तेव्हाच फिटलं!"

मग एक दिवस त्याला तार आली. आई गेली.

लीव्ह मिळाली नाही. हा एकुलता एक. अग्नी चुलत्याने दिला.

त्या शुक्रवारी मी म्हटलं, आज राहू दे. तर हा बूट घालून तयार.

सांगाड्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग बाटली दाखवून म्हणाला, "ही ह्येच्या बाजूक कोणी ठेवल्यान?"

"घरच्यांनी. पुरताना."

"म्हणजे घरचे होते."

"असणारच की."

"आवशीकडे मी नाय होतंय. आता बापूस एकटो आसा."

दुसऱ्याच दिवशी त्याने राजीनामा दिला. मी समजावलं, अरे, काँट्रॅक्ट तरी पुरं कर.

"बापाशीक काँट्रॅक्ट म्हायत नाय."

गावी जाऊन पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. वडील पुढे बरीच वर्षं जगले. गेले तेव्हा डोकं याच्या मांडीवर होतं.

आज त्याच्या मुलीचा फोन आला. मी पहिलं हेच विचारलं, "जवळ कोण होतं गं?"

"सगळे होतो, काका. खोलीत उभं राहायला जागा नव्हती."

बरं झालं, सावळ्या.

नीट जा.