मला आई उचलायची होती

खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत बसवायचं म्हणजे शेजारच्या बाप्यांना हाक मारावी लागायची. म्हणून ती पाणीच प्यायची नाही. मी रागावले की म्हणायची, "पाणी पेलं की मोरीत जावं लागते. लोकाच्या लेकरायला किती तकलीफ द्यावं?" एवढी धडधाकट लेक घरात असून आई तहानलेली. मला स्वतःचीच चीड यायची.

एकदा हट्टानं एकटीच उचलायला गेले. आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावात सोयाबीनचा कट्टा उचलतात तसं, कमरेत वाकून, एका हिसक्यात. कमरेत अशी उसण भरली की आई राहिली खाटेवर आणि मी जमिनीवर. दोघींना उठवायला शेजारी आले!

मी हिंगोलीच्या शाळेत शिकवते. कंबर बरी झाल्यावर शाळा सुटली की तिथल्याच जिममध्ये जायला लागले. ट्रेनरनं माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईकडे पाहून गुलाबी डंबेल पुढे केले. "मॅडम, लेडीजला हलकंच बरं. वीस-वीस मारा, टोन होऊन जाईल."

"टोन काय चाटायचाय? मला आई उचलायची आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं लोखंडी बार काढून तो जमिनीवरून उचलायची डेडलिफ्ट शिकवली. पाठ ताठ, कंबर मागे, जोर मांड्यांचा. वीस वेळा हलकं उचलून मला नुसता घाम यायचा. जड वजन पाचच वेळा उचलायला लागले तशी अंगात ताकद भरली. बार डोक्यावर ढकलणं मात्र उजव्या खांद्याला सोसेना, ते मी सरळ सोडून दिलं. ट्रेनर कुरकुरला. म्हटलं, "आईला काही माळ्यावर ठेवायचं नाही मला." त्याऐवजी वाळूची पिशवी छातीशी धरून स्टुलावरून उठबस करायचे. ती मला चांगली मानवली.

सोयाबीन काढणीला आलं आणि सगळी गल्ली शेतात गेली. आई म्हणाली, "राहू दे, संध्याकाळी येतील ते."

"गळ्यात हात टाक," मी म्हटलं. पाय फाकवले, तिला छातीशी घेतलं आणि उठले. कमरेनं हूं की चूं केलं नाही. आई अलगद खुर्चीत बसली. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

तिनं माझा दंड दाबून पाहिला. मग म्हणाली, "आता तांब्या भरून आण, माय. लय दिवसाची तहान हाय."