दोनदा निवडून आलेली मैत्रीण

इतिहासाच्या बाईंनी अठराव्या शतकातल्या लंडनच्या त्या पत्रकाराबद्दल शिकवलं, तेव्हा पंखा बंद होता, तरी वर्गात कुणी पेंगत नव्हतं. राजाच्या भाषणावर त्यानं आपल्या साप्ताहिकात सडकून टीका केली, म्हणून त्याला अटक झाली. पुढं लोकांनी त्याला संसदेत पाठवलं, संसदेनं हाकललं. लोकांनी पुन्हा निवडून दिलं, संसदेनं पुन्हा हाकललं. शेवटी पडलेल्या उमेदवारालाच ती जागा दिली. "माणूस काही संत नव्हता," बाई हसून म्हणाल्या, "पिणंबिणं, उधळेपणा, सगळं होतं. पण हट्टी होता."

माझ्या शेजारची मैत्रीण मात्र हसली नाही. ती जरीपटका वस्तीतून सायकलनं यायची आणि कॉलेजचं भित्तिपत्रक लिहायची. त्याच आठवड्यात तिनं लिहिलं, की मुलांची वाचनखोली संध्याकाळपर्यंत उघडी असते, मग मुलींची दुपारीच का बंद होते? प्राचार्यांनी कागद उतरवला आणि तिला माफी मागायला सांगितलं. माग आणि मोकळी हो, असं मीही तिला सुचवलं.

"मी काहून मागू वं? खोटं लिहिलं का मी?"

माफी राहिली बाजूला. ती विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीलाच उभी राहिली आणि भरपूर मतांनी आली. शिस्तभंगाचं कारण देऊन प्राचार्यांनी निवडणूक रद्द केली. फेरमतदानात ती आणखी जास्त मतांनी आली. तेव्हा प्राचार्यांनी पडलेल्या मुलीला प्रतिनिधी जाहीर केलं. ही गांधीबागेच्या बाजारातल्या कापडवाल्यांची लेक, मितभाषी. आम्ही तिच्यावर रागावून बसलो होतो. ती सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेली. आम्ही दाराशी उभ्या होतो.

"सर, मले मतं कमी पडली. मी त्या खुर्चीवर कशी बसू?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत त्यांनी माझ्या मैत्रिणीला आत बोलावलं आणि वाचनखोली कितीपर्यंत हवी, ते विचारलं. त्या संध्याकाळी आम्ही मुली तिथं बसलो खऱ्या, पण वाचलं कुणीच नाही. संत्र्यांच्या साली खिडकीत साचल्या आणि शिपाईमामा दर थोड्या वेळानं येऊन 'हळू बोला' म्हणत स्वतःच हसत होते.

पुढं ती एका दैनिकात लागली. वॉर्डातल्या नळांवर, नाल्यांवर लिहून लिहून थकली आणि ऐंशीच्या दशकात महापालिकेला उभी राहिली. तिच्या लुनावर मागं बसून मी घरोघरी हिंडले. झेंडे कापडवाल्या मैत्रिणीनं आणले, तेही स्वतः शिवून.

ती निवडून आली. मिरवणुकीत ढोल असा वाजला, की तिला नाचावंच लागलं. तिला नाचता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला कळलं, आणि सगळा वॉर्ड तिच्यासारखाच वेडावाकडा नाचू लागला.