तीन नंबरची चिंधी

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. कोणी झाडत नाही, एवढंच. आमच्या चिंचवड स्टेशनाजवळच्या वर्कशॉपात तर बरेच साठले. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही गावठाणातली माणसं, समुद्र कधी पाहिलेला नाही, तरी आमचे किस्से समुद्रातल्या वादळाचे. त्याला कारण शांताराम.

*

शांताराम रत्नागिरीकडचा. बाप तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीवरचा म्होरक्या. पोरगा मात्र आमच्याकडे लेथवर. पहिल्याच दिवशी मला विचारतो, "तात्या, समुद्र कुठल्या अंगाला?"

"मधे अख्खा सह्याद्री हाय. कामाला लाग."

तरी गड्याने आपल्या खोलीच्या पत्र्यावरून काथ्याचे दोर टाकले आणि टोकांना धोंडे बांधले. आम्ही हसलो. "जहाज हाकायचंय का राव?"

चैत्रात भर दुपारी वावटळ उठली. माझा पत्रा आकुर्डीच्या शिवारात सापडला. शांतारामचा जागचा हलला नाही. माझा उचलून आणताना म्हणाला, "तात्या, पत्रा वजनावर राहत नाही. बांधला तर राहतो."

बांधूनही त्यानेच दिला. मग मी हसायचं बंद केलं.

*

शेजारच्या लेथवरच्या बबनने एकदा विचारलं, "वादळ एवढं दांडगं, तर इथवर का येत न्हाई?"

शांतारामने बशीत चहा ओतला आणि जोरात फुंकर मारली. चहा काठावरून बबनच्या लेंग्यावर.

"वाऱ्याने घरं पडतात, माणसं पाण्याने मरतात. वारा समुद्रच ढकलून गावात आणतो. वादळ गरम समुद्र पितं आणि माजतं. जमिनीवर आलं की प्यायला मिळत नाही, मग उतरतं."

दारूबंदीचे दिवस. बबन लेंगा पुसत म्हणाला, "म्हंजे माझंच की."

*

सरकार काय करतं तेही शांतारामनेच सांगितलं. पुण्याहून वेधशाळा बंदरांना तार करते. बंदरावर खांबाला बावटा चढतो. एक नंबर म्हणजे वादळ लांब आहे. तीन नंबर म्हणजे होड्या ओढून घ्या. गावात दवंडी फिरते, बायकापोरांना उंचावरच्या शाळेत नेतात, तिथे तांदूळ आधीच भरून ठेवलेला असतो.

"मग भ्यायचं काय कारण?" मी म्हणालो.

"बाप बावटा मानत नाही. दोनदा चढला आणि वादळ भलतीकडे गेलं. तेव्हापासून म्हणतो, सरकारने समुद्र नकाशातच बघितलाय. होडी घेऊन जातो तसाच."

हॉटेलातल्या रेडिओवर हवामान लागलं की शांताराम उभा राहायचा. चहा पार निवायचा.

*

बावट्याची कल्पना बबनला फार आवडली. त्याने दाराशी खिळा ठोकला आणि तेलकट चिंध्या टांगायला सुरुवात केली. एक चिंधी, फोरमन फाटकात. दोन, फोरमन कुरकुरतोय. तीन, फोरमन पेटलाय. तीन दिसल्या की कोणी मान वर करायची नाही.

एक दिवस फोरमनने विचारलं, "हे काय लावलंय?"

शांताराम म्हणाला, "साहेब, बंदरावर असतं तसं. पुढचं संकट आधी कळतं."

पुढच्या आठवड्यात मालक येणार होते. ते आले त्या दिवशी तीनही चिंध्या फोरमननेच टांगल्या.

*

दिवाळीनंतर रेडिओ म्हणाला, दक्षिणेला वादळ आहे, वर सरकतंय. शांताराम तडक तारऑफिसात गेला. 'होडी घालू नका' अशी तार केली असती, तर बापाने तिच्यावर विडी पेटवली असती. त्याने तार केली, 'शांताराम अत्यवस्थ. ताबडतोब निघा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपाच्या दारात काळाकभिन्न म्हातारा उभा. मागे होडीवरचे पाचही खलाशी. खांदा द्यायला आणले होते.

शांताराम लेथवर, धडधाकट.

"मेल्या, जिवंत हायस?" म्हाताऱ्याने हात उगारला.

बबन घाईने पुढे झाला. "बाबा, आत्ता नको. तीन नंबर लागलाय." आणि खिळ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. फोरमन आत ओरडतच होता.

म्हाताऱ्याने चिंध्या पाहिल्या. हात खाली आला. हळूच म्हणाला, "मग भायर ये."

बाहेर नेऊन दोन ठेवून दिल्या.

सहाही जण शांतारामच्या खोलीत राहिले. तिसऱ्या दिवशी गावाहून तार आली. वादळ बंदरावरच आलं होतं. यांची होडी वर ओढलेली, शाबूत. शेजारच्या वाडीची समुद्रात होती, ती परतली नाही.

स्टेशनवर निघताना म्हातारा वर्कशॉपाच्या दारात थांबला. खिळ्यावरची तिसरी चिंधी काढली, नीट घडी घातली आणि कमरेला खोचली.

संध्याकाळी फोरमन धावत आला. "तिसरी कुठाय? मालक निघालेत."

कोणी मान वर केली नाही.