गल्लीच्या पाण्याचा आलेख

बंगळुरूच्या बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा काही नेम नव्हता, आणि वाट बघणं मला मुळात जमतच नाही. दिवसभर कंपनीसाठी आलेख काढायचे आणि घरी बादली घेऊन नळाकडे डोळे लावून बसायचं? छे! इंटरनेट नुकतंच आलं होतं. म्हटलं, गल्लीच्या पाण्याचाच आलेख तिथे टाकू. सगळ्यांना दिसेल, खाली ज्याला जे वाटेल ते लिहिता येईल.

माहिती आयती होती. बायका पाणी भरून, पूजा आटोपून कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट टेकवायच्या. दर रविवारी मी घरोघरचे ठिपके उतरवून आणायचे. प्रत्येक घराची एक ओळ. ठिपका असेल तिथे निळा चौकोन, नसेल तिथे कोरा. खालच्या मजल्यावरची घरमालकांची सून, जिला सगळे अक्का म्हणत, माझी धावपळ बघून हसायची आणि कानडी मिसळत म्हणायची, "स्वल्प दम खा गं!"

महिन्या-दोन महिन्यांत लोक सायबर कॅफेत जाऊन त्या पानावर चक्क भांडू लागले. मी हवेत! मग कोणीतरी लिहिलं, "अक्कांकडे दर महिन्याला चार दिवस पाणी का नाही?" एकाने लगेच पाइप तुंबल्याचं निदान केलं. मीही अतिशहाणी, थेट तिलाच विचारलं.

"अगं वेडे," ती कुजबुजली, "ते चार दिवस मी बाजूला बसते. कुंकवाला हात कशी लावू? बाकीच्यांकडे दुसरं कोणीतरी टेकवतं. आमच्या सासूबाई पाणी भरतात, पण ठिपक्याचं त्यांच्या कुठे लक्षात राहतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्ता काढते ते पान."

"असू दे. पुरुषांना काय कळतंय?"

आणि मी असू दिलं. खरं सांगते, मला ते पान मोडवत नव्हतं.

पुढचे दोन महिने अक्काच्या ओळीत ते चार कोरे चौकोन आलेच नाहीत. माझ्या ते लक्षातही आलं नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलीच्या आलं. तिने खाली लिहिलं, "अक्का, दोन महिने खाडा नाही! पेढे कधी?" मी कॅफेत धावले. लाइन तीनदा तुटली, मी कपाळ बडवून घेतलं, शेवटी एकदाचं पान काढलं. उपयोग काय? लग्नाला दहा वर्षं झालेल्या अक्काकडे संध्याकाळी बायका कैऱ्या घेऊन हजर. तीन महिने पुरे होईपर्यंत तिला कोणालाच सांगायचं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं. त्याच बायका पुन्हा आल्या, आठवडाभर येत राहिल्या. मी जिन्यात नुसती वर-खाली करत होते, आत जायचा धीर होईना. शेवटी गेले, तिचा हात धरला. "माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही गेलं," ती म्हणाली. "याआधीही दोनदा गेलंय. पण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं गं. मला निवांत रडता आलं होतं."