हळदीतही न उजळलेली मान

नातवंडांनो, परवा तुम्ही परदेशातून पाठवलेल्या फोटोंत धाकट्याचा एक पाठमोरा आहे. केस बारीक कापल्यामुळे मान उघडी दिसते. तिच्यावरचा काळसर पट्टा पाहिला आणि माझा चहा तसाच निवत राहिला. ती मान मी आधी पाहिली आहे.

महाराष्ट्र राज्य नवे होते तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या घरी माझ्या भावाची हळद होती. भाऊ इतका किडकिडीत, की एका सदऱ्यात दोन मावले असते. तो पाटावर बसला आणि आत्याची नजर त्याच्या मानेवर गेली.

"काऊन बे, आंघोळ करतं का नाही? मान पाह्य कशी काळीकुट्ट!"

तिने उटणे लावले, मग लिंबू चोळले, शेवटी टाचा घासायची वजरी घेतली. बायका हसत होत्या. भाऊ ओरडला, "आत्या, मुंडकं तरी ठेव वं! बाशिंग कुठी बांधू?"

मान लालभडक झाली. तो मखमलीसारखा काळेपणा तसाच राहिला. आईने त्यावर हळद जाड थापली.

काही वर्षांनी त्याची तहान वाढली. होते नव्हते ते मांसही उतरले, तशी आई त्याला रोज गूळ-तूप भरवू लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासून साखर सांगितली, तर ती त्यांच्यावरच उखडली. "पोरगं काडीवानी हाय. साखर तं जाड्या शेठायले होते!" परतताना स्टँडवर तिने त्याला पेढे घेऊन दिले. पुढे शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट पायात गेला. ती जखम भरलीच नाही. त्याने तिशी पाहिली नाही.

माझ्या घरात वजरी नाही. तरी न्हाणीत तिचा खरखर आवाज येतो.

तो मळ नसतो, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांनी समजावले. अंगात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग ते वाढत जाते आणि कधीकधी मानेवर असे उमटते. बारीक, तरुण माणसांच्याही. साखर चढण्याच्या कितीतरी आधी. तेव्हाच कळले तर खाण्यापिण्याने, चालण्याफिरण्याने आवरता येते.

धाकट्या, तू म्हणशील, "आजी, माझी पँट पट्ट्याशिवाय टिकत नाही." माझा भाऊही असाच हसायचा. उपाशीपोटी रक्त तपासून घे. बारीक आहेस, कशाला तपासायचे, असे तिथले डॉक्टर म्हणाले, तर कॉलर खाली ओढून मान दाखव.

आणि ती घासू नकोस.