गोलमागचे काका

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आमच्या शेजारी राहणारे नागपूरचे काका दर शनिवारी मला गावच्या फुटबॉल क्लबच्या मॅचला ओढून न्यायचे. लीग अगदी खालची, गर्दी जेमतेम. हाफटाइमला टीमनी बाजू बदलल्या की आम्हीही चालत दुसऱ्या टोकाला जायचो, समोरच्या टीमच्या कीपरच्या पाठीमागे. मग काका कठड्यावर कोपर टेकून त्याला छळायला लागायचे. "बेटा, हात गारठले ना? पुढचा बॉल सुटणार बघ."

सीझनची शेवटची मॅच होती आणि हरणारी टीम लीगमधून खाली जाणार होती. शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. काकांनी माझा दंड करकचून धरला, आणि बॉल खरंच त्या कीपरच्या हातातून सुटून आत गेला. सगळे मैदानात धावले. मीही ओरडत कठड्यावरून उडी मारली. वळून पाहतो तर काका गोलमध्ये, खाली बसलेल्या कीपरला थर्मासच्या झाकणातून चहा देत होते.

"काका, चला ना, आपण जिंकलो."

"तू हो पुढे. अख्खा हाफ बोललोय मी याच्याशी. आता याला एकटा सोडून कसा येऊ?"